ग्वाल्हेरचा जयविलास राजवाडा

राजवाडा म्हटला कीं मराठी माणसाला सागवानी खांब, चौसोपी चौक आणि नगारखाना आठवतो. ग्वाल्हेरचा जयविलास या चित्रांत बसत नाहीं. कल्याणला उत्तरेची गाडी धरून तेथें उतरलेल्या भिवंडीकराला आपण शिंद्यांच्या घरीं आलों कीं इटलींतील एखाद्या ड्यूकच्या, असा क्षणभर संभ्रम पडावा.

जयाजीराव शिंदे यांनीं हा राजवाडा १८७४ च्या सुमारास बांधविला. योजना मायकेल फिलोज यांची. फिलोज घराणें मूळचें इटालियन. पण शिंद्यांच्या चाकरींत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलें. तेव्हां हें वळण अगदींच परक्या हातून आलें, असें म्हणतां येत नाहीं. खालचा मजला टस्कन, मधला डोरिक, वरचा कॉरिंथियन. खालीं साधे, भक्कम खांब आणि वर जातां जातां नाजूक, नक्षीदार, हा क्रम मूळ रोमन क्रीडागारांचा. पुनरुज्जीवनकालांतील इटालियन वास्तुकारांनीं तो पुन्हा प्रचारांत आणला.

हा थाट विलायतच्या युवराजांच्या स्वागतासाठीं होता. ते १८७६ च्या प्रारंभीं येथें आले. परंतु राजवाड्यांतून मान वर केली कीं जो किल्ला दिसतो, त्यावर १८५८ पासून इंग्रजांची फौज होती! आपलाच किल्ला दुसऱ्याच्या हातीं, आणि त्याच्या पायथ्याशीं त्याच्याच युवराजासाठीं मेजवानी. १८८६ सालीं किल्ला परत मिळाला खरा, पण बदल्यांत झांशी द्यावी लागली. आणि त्याच वर्षीं जयाजीराव निवर्तले.

दरबार दालनांत दोन प्रचंड झुंबरें आहेत. प्रत्येकाचें वजन सुमारें साडेतीन टन सांगतात. छत हा भार पेलेल कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं त्यावर हत्ती चढविले होते अशी कथा आहे. कथा कशीहि असो, प्रश्न खोटा नव्हता. टांगलेला भार छतांतून अखेर भिंतींवरच उतरतो, आणि एकदां झुंबर चढविल्यावर चूक दुरुस्त करण्यास वेळ उरत नाहीं.

जिवाजीराव शिंदे १९६१ सालीं वारले. त्यांच्या स्मरणार्थ १९६४ मध्यें राजवाड्याचा एक भाग संग्रहालय म्हणून लोकांना खुला झाला. उरलेल्या भागांत शिंदे कुटुंबाचें वास्तव्य आहे. शस्त्रें, पालख्या, कांचसामान सारें आहेच. पण मुलांची गर्दी भोजनगृहांतील चांदीच्या आगगाडीपुढें. मेजावरच्या रुळांवरून ती पाहुण्यांपुढें मद्य व चिरूट नेत असे. कोणी सुरई उचलली कीं गाडी थांबे, आणि ती परत ठेवली कीं पुढच्या पाहुण्याकडे निघे.