निळी ट्यूब आधी

साडेआठला शटर वर जातं. पहिला तास एलईडी टीव्हींचा: बॅकलाइटच्या पट्ट्या, जळालेले पॉवर सप्लाय. कोल्हापुरात निवृत्ती चौकाच्या आसपास आता दुरुस्तीला येतं ते हेच. आज मात्र ते भराभर उरकायचंय. पेठेतल्याच एका पोराला तीन ट्यूबचा जुना प्रोजेक्टर घ्यायचाय. दोन गल्ल्या पलीकडं एका माडीवर तो पडून आहे, आणि पैसे देण्याआधी ट्यूब बघून द्या, असं पोरगं सांगून गेलंय.

साडेनऊला पिशवी भरतो. पांढऱ्या उजेडाची जोरदार बॅटरी, मऊ फडकं, स्टॅबिलायझर, जुना डीव्हीडी प्लेअर आणि टेस्टच्या पट्ट्यांची डिस्क. पाने-पक्कड मुद्दाम दुकानात ठेवतो. या यंत्रात तीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि बंद केल्यावरही ट्यूबमध्ये तो बराच वेळ साठून राहतो. दुसऱ्याच्या माडीवर घाईनं उघडायची ही वस्तू नव्हे. बघायचं ते बहुतेक बाहेरूनच दिसतं.

या प्रोजेक्टरात दिवा नसतो. लाल, हिरवी, निळी अशा तीन छोट्या पिक्चर ट्यूब असतात, बऱ्याच यंत्रांत सात इंची, मोठ्यांत आठ किंवा नऊ. प्रत्येकीपुढं तिची स्वतःची लेन्स. तिन्ही चित्रं पडद्यावर एकमेकांवर नीट बसली की रंगीत चित्र तयार होतं. उजेड येतो तो ट्यूबच्या काचेला आतून दिलेल्या फॉस्फरच्या थरातून. इलेक्ट्रॉनचा मारा बसला की थर चमकतो, आणि चमकता चमकता कायमचा मंद होत जातो. दिव्याच्या प्रोजेक्टरचा दिवा बाजारातून आणून बदलता येतो. या ट्यूबांचं तसं नाही, त्यांचं उत्पादन कधीच थांबलंय. म्हणून इथं विकत घ्यायचा असतो तो त्या थरात उरलेला उजेड. पेटी, बोर्ड, रिमोट हे सगळं त्याच्यानंतर.

दहाला माडीवर. घरच्या आजींचे यजमान नव्वदच्या दशकात व्हिडिओ शो करायचे. आधी कॅसेटवरचे पिक्चर, पुढं केबल आल्यावर क्रिकेटच्या मॅच. यंत्र सोनीचं, सात इंची, जुन्या चादरीखाली नीट झाकलेलं. "मी कुठं बघतोय आता त्यावर? माडी मोकळी हू दे," म्हणत आजी चहा टाकायला खाली गेल्या.

पोरानं आदल्या दिवशीच येऊन मेनूतला तासांचा आकडा बघून ठेवला होता. "काका, चार हजारच झाल्यात. दहा हजार चालतात म्हणं."

"आकडा बोर्डावर असतोय बाळा, ट्यूबवर न्हाई. बोर्ड बदलला की आकडा बदलला."

बोर्ड मूळचा असला तरी त्या आकड्यावर मी फारसं विसंबत नाही. दहा हजार तास हा हिशेब अंधाऱ्या खोलीत, कॉन्ट्रास्ट बेतानं ठेवून चालवणाऱ्याचा. दुपारचा शो, दाराच्या फटीतून ऊन, मागच्या रांगेतून ओरडा आणि म्हणून शेवटपर्यंत चढवलेला कॉन्ट्रास्ट, अशा हॉलमध्ये चार हजार तासांतही ट्यूब पार थकते. किती वेळ चालवलं याच्याइतकंच कसं चालवलं यालाही महत्त्व आहे, आणि ते फक्त काच सांगते.

अकराच्या सुमारास खिडक्या लावून घेतल्या. यंत्र बंद, पूर्ण गार. बॅटरी लेन्समध्ये तिरकी धरून आत ट्यूबच्या तोंडावर उजेड पाडायचा आणि शेजारून डोळा लावायचा. न झिजलेला थर कडेपासून कडेपर्यंत एकसारखा फिकट दिसतो. झिजलेल्या थरावर तपकिरी, मळकट चौकोन उमटलेला असतो. भिंतीवरची जुनी तसबीर काढल्यावर मागं चौकोन राहतो तसा.

पहिली निळी. निळा फॉस्फर जास्त प्रवाहाला लवकर दमतो. प्रवाह वाढवत गेलं तरी उजेड त्या मानानं वाढत नाही. मग पांढरा रंग पांढरा राहावा म्हणून निळीला जास्त जोर द्यावा लागतो, तिचा फोकसही जरा सैल ठेवतात. तिन्हींत सगळ्यात जास्त राबते ती हीच. इथं चौकोन स्पष्ट होता. त्या चौकोनात मधला आडवा पट्टा आणखी गडद होता. कॅसेटवरचे रुंद पडद्याचे सिनेमे वरखाली काळ्या पट्ट्या ठेवून दाखवलेले, त्यांची ती खूण. आणि चौकोनाच्या एका कडेजवळ बारीक सरळ रेघ होती. पोरानं विचारलं ती कसली. क्रिकेटच्या स्कोअरची पट्टी. तासन् तास एकाच जागी उभी राहिलेली प्रत्येक गोष्ट थरावर कोरली जाते, मग ती पट्टी असो, चॅनलचं चिन्ह असो किंवा कॉम्प्युटरवरचा मेनू.

हिरवी ट्यूब बघताना मी सगळ्यात जास्त वेळ घेतो. पांढऱ्या चित्रातला निम्म्याहून जास्त उजेड हिरव्याचा असतो, बारकावा डोळ्याला कळतो तोही मुख्यतः तिच्यातून. निळी थोडी झिजलेली चालवून घेता येते, झिजलेली हिरवी नाही. इथं चौकोन होता, पण पुसट, आणि रेघ जवळजवळ नव्हतीच. मला मनापासून बरं वाटलं.

लाल शेवटी. तिच्यापुढच्या काचेला काही यंत्रांत मुद्दाम रंग दिलेला असतो, त्यानं डोळा फसतो. आत धाग्यांसारखं काहीतरी तरंगत होतं. पोरगं घाबरलं, ट्यूब गेली म्हणालं. गेली नव्हती. ट्यूब आणि लेन्स यांच्यामध्ये गार ठेवणारं द्रव असतं, ग्लायकॉलचं. वर्षानुवर्षं पडून राहिलं की त्यात बुरशी धरते. ते काढून नवीन भरता येतं. बुरशीला सरळ कड नसते, झिजेला असते. एवढा एक फरक ध्यानात ठेवला तरी चांगलं यंत्र हातचं जाणार नाही.

बाराला स्टॅबिलायझर लावून यंत्र चालू केलं. चित्र उमटायला लागलेला वेळ, पहिल्या मिनिटातला मंदपणा, सगळं बघून घेतलं. खूप उशिरानं उजळणारी ट्यूब म्हणजे मागचा कॅथोड थकलेला, आणि ते बॅटरीनं दिसत नाही. नीट तपासायचं तर यंत्र अर्धा तास तापावं लागतं. तेवढ्यात आजींचा चहा झाला.

त्या अर्ध्या तासात मी पोराला बाबूराव पेंटरांबद्दल सांगितलं. याच कोल्हापुरात ते आणि आनंदराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवायचे. 'राजा हरिश्चंद्र'नंतर सिनेमाच्या नादाला लागले आणि सुरुवात केली ती सिनेमे दाखवण्यापासून, एकीकडं स्वतःचा कॅमेरा जुळवत. आनंदराव 1916 मध्ये गेले. 1918 मध्ये बाबूराव आणि त्यांचे सहकारी दामले यांनी चालता कॅमेरा उभा केला, आणि 1920 मध्ये बाबूरावांचा 'सैरंध्री' आला. यंत्र समजून घेतल्याशिवाय चित्राला हात घालायचा नाही, ही या गावातली जुनी रीत, आणि माडीवर बॅटरी घेऊन वाकलेलं पोरगं त्याच रीतीतलं आहे असं मला खरंच वाटतं.

साडेबाराला पूर्ण पांढरा पडदा, मग एकेक ट्यूब वेगळी. निळी आणि हिरवी बंद, फक्त लाल, असं तिन्हींचं. एकेकीचा चौकोन थोडा मोठा केला की आजवर न वापरलेला थर कडेनं उजळतो आणि आतल्या वापरलेल्या भागाशी तुलना लगेच होते. फक्त काचेच्या टोकापर्यंत न्यायचा नाही आणि जास्त वेळ ठेवायचा नाही. निळीत कड दुरूनही दिसली. हिरवीत शोधावी लागली. तिन्ही एकत्र केल्यावर पडद्याचा मध्य किंचित पिवळट, म्हणजे निळा तिथं कमी पडतोय. शेवटी कॉन्ट्रास्ट चढवत पांढरी अक्षरं बघितली. हिरवीतली अक्षरं फुगली नाहीत, मागं शेपूट आलं नाही. कॅथोड ठणठणीत.

एकला किमतीची बोलणी. आजींनी सांगितलेला आकडा तिन्ही ट्यूब चांगल्या धरून होता. मी त्यांनाही लेन्समधून बघायला लावलं, कारण विकणाऱ्यालाही आपण काय विकतोय ते दिसायला हवं. "म्हंजे आमच्या मालकांनी लई चालवलाय की," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच आकडा खाली आणला. पोरानं घासाघीस केली नाही. मला ते आवडलं.

घ्यावा की नाही, हे त्यानं मला स्पष्ट विचारलं. घे, म्हणालो. हिरवी चांगली आहे, आणि असा काळा रंग दिव्याच्या प्रोजेक्टरला जमणं अवघड, कारण इथं काळं म्हणजे किरणच नाही. पण निळीतला पट्टा उजळ प्रसंगात दिसणार. याच मॉडेलचं दुसरं मोडीत निघालेलं यंत्र मिळालं तर त्यातली निळी काढून बसवायची. लाल काढून निळीच्या जागी चालत नाही, प्रत्येकीचा फॉस्फर वेगळा.

दुपारी जेवण आणि अडलेले दोन टीव्ही. पाचला तालमीतल्या चार पोरांनी यंत्र जिन्यावरून उतरवलं, लेन्स वर, कुठंही न टेकवता. सातपासून त्याच्या खोलीत तिन्ही रंगांच्या रेघा एकमेकांवर बसवत होतो. आधी हिरवी पक्की करायची, मग लाल आणि निळी तिच्यावर आणायच्या. कोपरे सगळ्यात हट्टी.

नऊला निघताना त्याला तीन गोष्टी लिहून दिल्या. कॉन्ट्रास्ट निम्म्याच्या वर नाही. सिनेमा थांबवून उठायचं असेल तर यंत्राचं चित्र बंद करूनच उठायचं. आणि परवा रविवारी लालचं द्रव बदलेपर्यंत यंत्र लावायचंच नाही.