लॅपटॉप तर घेतला, आता आणखी काय काय घ्यावे?

मुलाची बारावी झाली, मुलीचा पॉलिटेक्निकला नंबर लागला की आजकाल घरात पहिला विषय निघतो तो लॅपटॉपचा. कुणी भिशी उचलतो, कुणी पतसंस्थेचे कर्ज काढतो, कुणी हप्ते बांधून घेतो. पण खर्च तेवढ्यावर थांबत नाही. सीताबर्डीच्या दुकानात बिल फाडता फाडताच विचारणा होते, "बॅग, माऊस, कूलिंग पॅड, स्क्रीन गार्ड, अँटिव्हायरस, सगळे मिळून कॉम्बो करून देऊ का?" ज्या घरात हे यंत्र प्रथमच येत आहे, त्या घरच्या माणसाला 'नको' म्हणण्याचा धीर होत नाही. न जाणो, हे घेतले नाही म्हणून यंत्र बिघडले तर! आणि मग कॉलेजच्या फीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून दोन-तीन हजार सहज निघून जातात.

यंत्रासोबत चार गोष्टी जोडून विकण्याची पद्धत तशी जुनीच आहे. १९८१ साली अमेरिकेत ऑस्बोर्न-१ नावाचा उचलून नेता येणारा संगणक बाजारात आला. त्याचे वजन सुमारे ११ किलो, पडदा अवघा ५ इंचांचा आणि किंमत १७९५ डॉलर. तरी लोकांनी तो घेतला. कारण लेखनाचे, हिशेबाचे असे उपयोगी प्रोग्राम त्याच किमतीत मिळत होते. तेव्हा 'सोबत काय मिळते' हा प्रश्न वाईट नाही. मात्र ते आपल्या कामाचे आहे की नाही, हे आपण ठरवायचे, दुकानदाराने नव्हे. त्यासाठी दुकानात जाण्यापूर्वी घरी बसून थोडा विचार केलेला बरा.

आधी बिल

सगळ्यात महत्त्वाची वस्तू फुकट मिळते. ती म्हणजे पक्के बिल. त्यावर मॉडेल आणि अनुक्रमांक लिहून घ्या. हा क्रमांक खोक्यावर आणि लॅपटॉपच्या खालच्या बाजूला एकच आहे ना, ते दुकानातच ताडून पाहा. पुढे वॉरंटीचा वाद निघाला तर हाच कागद कामाला येतो. दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा क्रमांक आहे, तिथे तक्रार नोंदवता येते.

साध्या वॉरंटीत कारखान्याचा दोष भरून मिळतो. हातातून पडला, चहा सांडला, तर मिळत नाही. मुलगी रोज बसने किंवा मेट्रोने लॅपटॉप घेऊन कॉलेजला जाणार असेल तर अपघाती नुकसानीचे संरक्षण घेण्याचा विचार अवश्य करावा. कॉम्बोच्या पैशांत पुष्कळदा ते बसते. अटी मात्र वाचून घ्याव्यात.

आपला उन्हाळा आणि यंत्र

बहुतेक कंपन्या लॅपटॉप ३५ अंश सेल्सियसपर्यंतच्या हवेत वापरावा असे सांगतात. आपल्याकडे २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. नवतपात टिनाच्या छताखालच्या खोलीत काय होते, हे इंदोऱ्यात राहणाऱ्याला किंवा अजनीत राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. म्हणून पुण्या-मुंबईच्या जाहिराती पाहून खरेदी करण्याऐवजी नागपूरच्या हवेचा विचार करावा.

कूलिंग पॅडचे पंखे खोलीतलीच हवा यंत्राखाली सोडतात. खोलीतली हवाच ४२ अंशांची असेल तर पॅड काय करणार? थोडाफार फरक पडतो, पण त्याआधी यंत्राला श्वास घ्यायला जागा द्या. गादीवर, गोधडीवर, उशीवर लॅपटॉप ठेवला की खालच्या झरोक्यांतून हवा जाईनाशी होते. घरातला लाकडी पाट किंवा साधे धातूचे स्टँड हे काम उत्तम करते. पाटावर ठेवताना झरोके झाकले जाणार नाहीत, एवढे पाहावे.

कूलरची खोली थंड करण्यासाठी मदत घ्यावी, पण लॅपटॉप थेट कूलरच्या तोंडाशी ठेवू नये. त्या हवेत ओलावा असतो, कधी कधी बारीक तुषारही येतात. जड कामे, म्हणजे ड्रॉइंगचे सॉफ्टवेअर चालवणे किंवा व्हिडिओ तयार करणे, पहाटे किंवा रात्री उरकावीत. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत तर लॅपटॉप कधीच ठेवू नये.

उष्णतेचा सगळ्यात जास्त मार बसतो तो बॅटरीला. ती लिथियम-आयन जातीची असते. उष्णता आणि सतत १०० टक्के भरलेली अवस्था, या दोहोंनी तिचे आयुष्य घटते. आता बऱ्याच कंपन्या चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय यंत्रातच देतात. घरी दिवसभर वायर लावून काम होत असेल तर ती सोय चालू करावी. त्याला एक पैसाही लागत नाही. पुढे कधी बॅटरी फुगून टचपॅड वर आलेला दिसला तर यंत्र बंद करून सेवा केंद्रात न्यावे. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, कचऱ्यातही टाकू नये.

वीज आणि अर्थिंग

लॅपटॉपच्या अ‍ॅडॅप्टरवर बहुधा १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते. म्हणजे दाब थोडा कमी-जास्त झाला तरी तो सांभाळून घेतो. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असल्याने वीज गेली तरी काम बुडत नाही. त्यामुळे वेगळा स्टॅबिलायझर किंवा मोठा यूपीएस घेण्याची गरज नाही. वीज गेल्यावरही ऑनलाईन वर्ग चालू राहावा असे वाटत असेल तर वायफायच्या राउटरपुरता छोटा यूपीएस मिळतो, तो पुरे.

खरी गरज असते ती अर्थिंगची. धातूच्या लॅपटॉपला हात लावताच मुंग्या आल्यासारखे वाटत असेल तर घरच्या बोर्डाचे अर्थिंग तपासून घ्यावे. तीन पिनांचा प्लग दोन भोकांत बसावा म्हणून तिसरी पिन मोडणे हा तर धोक्याशी खेळ आहे. साधा एक्स्टेन्शन बोर्ड म्हणजे सर्ज प्रोटेक्टर नव्हे; घेताना तसे स्पष्ट विचारून घ्यावे. आणि मृगाच्या आधी विजा कडकडू लागल्या की प्लग काढून ठेवावा, यापेक्षा मोठे संरक्षण नाही.

अ‍ॅडॅप्टर बिघडला तर रस्त्यावरचा स्वस्त माल घेऊ नये. अ‍ॅडॅप्टर आणि पॉवर बँक यांना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. वस्तूवर इंग्रजी 'आर' अक्षर आणि पुढे आठ आकडे असतात. तो क्रमांक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या अ‍ॅपवर टाकून खरा की खोटा ते घरबसल्या पाहता येते.

रॅम आणि एसएसडी

दुकानदार म्हणतो, "रॅम वाढवून घ्या." रॅम म्हणजे काय, ते स्वयंपाकघरावरून समजून घेऊ. एसएसडी ही सामानाची कोठी आणि रॅम हा ओटा. कोठीत कितीही सामान असो, एका वेळी किती भांडी मांडून काम करता येईल ते ओट्याच्या लांबीवर ठरते. टायपिंग, इंटरनेट, एमएस-सीआयटी, बी.ए.-बी.कॉम.चा अभ्यास यांना ८ जीबी रॅम भागते. अभियांत्रिकीचे ड्रॉइंग, प्रोग्रामिंग, व्हिडिओ यांना १६ जीबी असलेली बरी.

पण खरेदीपूर्वीच एक प्रश्न विचारा: या मॉडेलमध्ये रॅम वाढवता येते का? अनेक पातळ लॅपटॉपमध्ये ती मुख्य बोर्डावरच कायमची जोडलेली असते. पुढे कितीही पैसे मोजले तरी वाढत नाही. अशा वेळी सुरुवातीलाच १६ जीबीचे घ्यावे. जागा रिकामी असेल तर घाई नको. सहा महिने वापरून पाहा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. नेहमीचे काम चालू असताना त्यात मेमरी सतत ९० टक्क्यांच्या वर दिसली तरच रॅम वाढवावी. डीडीआर-४ ची पट्टी डीडीआर-५ च्या खाचेत बसत नाही, म्हणून जात पाहूनच घ्यावी. यंत्र बाहेर उघडल्याने वॉरंटीला बाधा येते का, हेही कंपनीच्या सेवा केंद्रात आधी विचारावे.

ज्यांच्याकडे जुना हार्ड डिस्कचा लॅपटॉप आहे, त्यांनी नव्याचा हट्ट धरण्यापूर्वी डिस्कच्या जागी एसएसडी बसवून पाहावी. इतक्या थोड्या खर्चात इतका वेग दुसऱ्या कशाने येत नाही. मात्र वापरलेला लॅपटॉप विकत घेणाऱ्यांनी जपावे. विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. (इतर कंपन्यांच्या प्रोसेसरचीही अशीच मर्यादा आहे.) त्याहून जुने यंत्र स्वस्त दिसले तरी महाग पडते.

मान, डोळे आणि मराठी

साधा बाहेरचा कळफलक आणि माऊस ही जोडी चैनीची नाही. लॅपटॉप पुस्तकांच्या थप्पीवर चढवून पडदा डोळ्यांच्या पातळीत आणावा आणि हात खाली कळफलकावर ठेवावेत. तासन्‌तास वाकून बसणाऱ्या मुलांची मान-पाठ त्याने वाचते. दर २० मिनिटांनी २० सेकंद सुमारे २० फुटांवर नजर टाकावी, म्हणजे डोळ्यांना विश्रांती मिळते.

मराठी टायपिंगसाठी वेगळे सॉफ्टवेअर विकत घेण्याची गरज नाही. इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्येच असतो. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला येतात, त्यामुळे तो लवकर बसतो. मराठी अक्षरांचे स्टिकर किरकोळ किमतीत मिळतात. सवय होईपर्यंत ते लावावेत. सरकारी टंकलेखन परीक्षेला बसायचे असेल तर तिथे कोणता कळफलक चालतो, हे संस्थेत विचारून त्याचाच सराव करावा. पत्रे आणि प्रकल्प लिहायला लिब्रेऑफिस मोफत आहे, तर विषाणूंपासून संरक्षण विंडोजमध्ये आधीच असते. साध्या वापराला तेवढे पुरते.

कागदपत्रांची राखण

आपल्या मुलांच्या लॅपटॉपमध्ये नुसती गाणी नसतात. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका हे सगळे स्कॅन करून त्यात ठेवलेले असते. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची मुदत संपत आली आणि त्याच दिवशी यंत्र बसले तर? म्हणून खरोखर विकत घेण्यासारखी वस्तू कोणती असेल तर ती वेगळी ड्राईव्ह. महत्त्वाच्या प्रत्येक फाईलच्या तीन प्रती असाव्यात: एक लॅपटॉपमध्ये, एक ड्राईव्हवर आणि एक घराबाहेर, म्हणजे इंटरनेटवरच्या आपल्या खात्यात. ड्राईव्ह लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नये. बॅग चोरीला गेली तर दोन्ही जातील. डिजिलॉकर ही सरकारी सोय २०१५ पासून मोफत आहे. तिच्यातून मिळवलेले दाखले कायद्याने मूळ कागदाच्या बरोबरीचे मानले जातात.

हे टाळलेलेच बरे

कळफलकावरचे रबरी आवरण उष्णता अडवते. कॅमेऱ्यावरचे जाड झाकण लावून लॅपटॉप मिटला तर पडदा तडकू शकतो. अ‍ॅपल कंपनीने २०२० साली आपल्या ग्राहकांना तशी सूचनाच दिली होती. कागदाचा पातळ तुकडा पुरे. रंगीत दिव्यांचा माऊस, चकचकीत स्टिकर यांनी अभ्यास वाढत नाही. बॅग मात्र आतून गादी असलेली असावी, आणि पावसाळ्यात तिच्यावर एक प्लास्टिकचे आवरण असावे.

थोडक्यात क्रम असा: पहिल्या दिवशी पक्के बिल आणि अर्थिंग; पहिल्या महिन्यात बॅग, कळफलक-माऊस आणि ड्राईव्ह; गरज पटली तर सहा महिन्यांनी रॅम. बाकीचे पैसे पुस्तकांना आणि परीक्षेच्या फीला ठेवावेत. दुकानात जाताना हा क्रम कागदावर लिहून न्या. आणि मुलीला सोबत न्या. यंत्र ती वापरणार आहे, तेव्हा प्रश्नही तिनेच विचारू द्यात.