मिरजेचं लोखंडी रान आणि हिराकस

मिरज म्हटलं की तंबोरे, मीरासाहेबांचा दर्गा आणि वॉन्लेस हॉस्पिटल. खनिजांसाठी या गावाकडे कुणी वळत नाही. पण शहर मागे टाकून मिरजपूर्व भागात, दंडोबाच्या डोंगराकडे निघालं की पायाखाली सगळा बेसाल्ट. त्यात वजनाने दहा टक्क्यांहून जास्त लोहाची ऑक्साइडं. आणि याच पाषाणाच्या काळ्या रानात ऊस लोहावाचून पिवळा पडतो! कोवळ्या पानाच्या शिरा तेवढ्या हिरव्या, मधला पट्टा पिवळट-पांढरा. ‘केवडा पडलाय,’ असं शेतकरी म्हणतो. काखेत कळसा अन् गावाला वळसा. दोष चुनखडीचा: अशा जमिनीत लोह न विरघळणाऱ्या रूपात अडकून बसतं, मुळांच्या हाती लागत नाही.

मग दुकानातून हिराकस येतं. पावतीवर ‘फेरस सल्फेट’. लोहाची कमतरता असलेल्या उसाला हेक्टरी 25 किलोची शिफारस आहे, तीही शेणखतात मुरवून. नुसतं टाकलं तर चुनखडी त्यालाही गिळते. हा माल खाणीतला नसतो. पोलादाचा गंज आम्लाने उतरवताना तो उपपदार्थ म्हणून निघतो.

तरी पोत्यात डोकावण्यासारखं बरंच आहे. आत फिकट हिरवे, काचेसारखे खडे: प्रत्येक रेणूमागे पाण्याचे सात रेणू. निसर्गात असा खडा सापडला तर त्याला मेलँटेराइट म्हणतात. कोरड्या हवेत पोतं उघडं राहिलं की खड्यांवर पांढरी पूड धरते. पाण्याचे तीन रेणू उडून चार उरलेले असतात. याच घडणीचं नैसर्गिक खनिज म्हणजे रोझेनाइट. पोलंडमधून त्याचं वर्णन झालं ते थेट 1960 मध्ये. पायराइटला दमट हवा लागली की हे गंधकी क्षार जन्मतात, पण पहिल्या पावसात विरघळूनही जातात. म्हणून ते टिकतात खाणींच्या आडोशाच्या भिंतींवर. आपल्या बेसाल्टमध्ये पायराइट नावापुरतंच, तेव्हा दंडोबावर रोझेनाइट शोधायला जाऊ नये.

पांढऱ्या पुडीला शेतकऱ्याने घाबरायचं कारण नाही. पाणी कमी झालं, लोह तेच आहे. खडे पिवळे-तांबूस झाले असतील तर मात्र पोतं परत करावं. त्यातलं लोह हवेने गंजलेलं असतं, आणि तसलं लोह मिरजेच्या रानात आधीच भरपूर आहे.