आधी ‘शिर्डी’ नीट उमटवा

वेब डिझायनर व्हायचं तर काय शिकावं लागतं, या प्रश्नाला क्लासच्या जाहिराती बहुधा सॉफ्टवेअरच्या नावांनी उत्तर देतात. आज त्या यादीत फिग्मा, कॅनव्हा आणि वर्डप्रेस असतं. पूर्वी फ्लॅश आणि ड्रीमवीव्हर असायचं, त्याच्याही आधी फ्रंटपेज. फ्रंटपेजचा गाशा मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये गुंडाळला. फ्लॅश शिकण्यासाठी कितीतरी मुलांनी फी भरून महिनेच्या महिने घातले, आणि ३१ डिसेंबर २०२० ला अ‍ॅडोबीने त्यावर पडदा टाकला. त्यात केलेली कामं आज साध्या ब्राउझरमध्ये उघडतही नाहीत. याउलट टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून जगापुढे ठेवलेलं पहिलं वेबपान आजच्या स्वस्तातल्या मोबाइलवरही सुखाने वाचता येतं. कारण ते साध्या एचटीएमएलमध्ये लिहिलेलं होतं. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की शिकणाऱ्याने पैसा आणि वेळ कुठे घालावा, याचा अर्धा निकाल लागतो. उरलेल्या अर्ध्यासाठी मात्र अहिल्यानगरसारख्या जिल्ह्याकडे पाहावं लागेल. इथल्या मुलामुलींनी हे काम मराठी पानं घडवत शिकावं, असं माझं म्हणणं आहे. त्यात भाषाप्रेम आहेच, पण मुद्दा तो नाही. देवनागरीतलं पान नीट बसवताना या धंद्यातलं जवळपास प्रत्येक कौशल्य शिकावंच लागतं. इंग्रजी पानावर तयार साचे वापरून ते टाळता येतं.

पायाभूत गोष्टी तीनच आहेत. पानावर काय काय आहे, म्हणजे मथळा कुठला, परिच्छेद कुठला, तक्ता कुठला, हे एचटीएमएल सांगते. ते दिसावं कसं, हे सीएसएस ठरवते. होकोन वियुम ली यांनी १९९४ मध्ये तिची कल्पना मांडली आणि १९९६ च्या अखेरीस तिचं पहिलं प्रमाणित रूप आलं. बटण दाबल्यावर काय घडावं, ते जावास्क्रिप्ट पाहते. सर्नने १९९३ मध्ये वेबचं मूळ तंत्र जगाला फुकट देऊन टाकलं, त्यामुळे शिकायला परवाना लागत नाही. संगणकावरच्या ब्राउझरमध्ये कुठल्याही पानावर उजवी कळ दाबून त्याची आतली मांडणी वाचता येते. दुसऱ्याचं काम इतकं उघडं करून पाहू देणारे धंदे फार नाहीत. संगणक मात्र हवाच, जुना चालेल. नुसत्या मोबाइलवर हे शिकता येईल असं सांगणारा माणूस बहुतेक काहीतरी विकत असतो.

पण एचटीएमएलच्या खुणा पाठ झाल्या म्हणजे डिझाइन आलं असं नाही. अकोले तालुक्यातल्या भंडारदरा परिसरात मे महिन्याच्या अखेरीपासून पाऊस स्थिरावेपर्यंत काजवे पाहायला पुण्या-मुंबईची गर्दी लोटते. त्यासाठी पान करायचं, असं समजा. नवखा डिझायनर सर्वांत वर पाच मोठे फोटो आपोआप सरकवत ठेवतो. घाटात, एका रेषेच्या रेंजवर, रात्री ते पान उघडणाऱ्याला त्यातलं काहीच नको असतं. रस्ता कुठून चालू आहे, वनखात्याने प्रवेशाची वेळ किती ठेवली आहे, गाडी कुठे लावायची, मुक्कामाच्या घराचा फोन कोणता, एवढंच त्याला हवं असतं. फोटो उतरेपर्यंत तो वैतागून पान बंद करतो. काय आधी, काय नंतर आणि काय मुळीच नको, हे ठरवणं हा या कामाचा गाभा आहे. इथन मार्कोट यांनी २०१० मध्ये एकच पान पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपली मांडणी बदलेल अशी पद्धत मांडली, तेव्हापासून हा क्रम लावणं टाळताच येत नाही. मोठ्या पडद्यावर चार गोष्टी शेजारीशेजारी खपून जातात. मोबाइलवर त्या एकाखाली एक याव्या लागतात, आणि पहिली कोणती हे कोणाला तरी ठरवावंच लागतं.

आता लिपीकडे येऊ. ‘शिर्डी’ हा शब्द घ्या. टंकताना ‘श’ आधी येतो आणि वेलांटी नंतर, पण पडद्यावर वेलांटी डावीकडे जाऊन बसते. ‘र’ मध्ये टंकला जातो आणि रफार होऊन पुढच्या ‘डी’च्या डोक्यावर, दीर्घ वेलांटीला खेटून उमटतो. इंग्रजीच्या बेताने ओळींमधलं अंतर ठेवलं तर वरच्या ओळीतले उकार खालच्या रफाराला धडकतात. इंग्रजी साच्यांत मथळ्याची अक्षरं एकमेकांपासून सुटी करण्याची टूम आहे. तीच देवनागरीला लावली की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दोरीवर वाळत घातल्यासारखे लोंबतात. इंग्रजीत मथळा उठावदार करायला सगळी अक्षरं कॅपिटल केली की भागतं. देवनागरीत ती सोय नाही. मग आकार, जाडी, रंग आणि मोकळी जागा यांच्याच बळावर वाचकाची नजर फिरवावी लागते, आणि टायपोग्राफीचं खरं शिक्षण इथेच होतं. राहाता तालुक्यातलं ‘कोऱ्हाळे’ हे नाव तर चांगली चाचणी आहे. कच्च्या फॉन्टमध्ये किंवा चुकीच्या टंकनात त्यातला अर्धा ‘र’ रफार होऊन ‘हा’च्या डोक्यावर चढतो, नाहीतर पाय मोडून तसाच उभा राहतो.

‘अकोले’ आणि ‘शेवगाव’ यांचं दुखणं निराळं आहे. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणापेक्षा वेगळे दिसतात, आणि राज्य सरकारने २००९ मध्ये व पुन्हा २०२२ मध्ये प्रमाण वर्णमालेचे निर्णय काढून मराठीचं वळण नोंदवून ठेवलं आहे. काही फॉन्टांत दोन्ही वळणं असतात. पानाची भाषा मराठी आहे असं एचटीएमएलच्या सुरुवातीच्या खुणेत सांगितलं की ब्राउझर मराठी वळण उचलतो, नाहीतर हिंदी दाखवतो. टिरो देवनागरी या फॉन्टमालेत तर मराठीसाठी फॉन्टच स्वतंत्र आहे. ती भाषेची खूण दोन अक्षरांची असते, आणि मराठी संकेतस्थळांवर ती चुकलेली किंवा इंग्रजीची राहून गेलेली सर्रास आढळते. अंध माणसाला पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही याच खुणेवरून कोणत्या भाषेचा आवाज लावायचा ते ठरवतं. र. कृ. जोशींनी मायक्रोसॉफ्टसाठी ‘मंगल’ फॉन्ट घडवला त्या काळात पडद्यावर मराठी दिसणं हीच बातमी होती. आज ‘मुक्ता’सारखे मुंबईत घडलेले उत्तम फॉन्ट फुकट मिळतात, म्हणून सबब उरलेली नाही. मात्र जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल रोमनपेक्षा जड असते. मग फॉन्टची किती वजनं घ्यायची याचा हिशेब करावा लागतो, आणि पान हलकं ठेवण्याचा धडा तिथे आपोआप गिरवला जातो.

प्रत्यक्ष गिऱ्हाईक आलं की आणखी एक अडचण उभी राहते. अहिल्यानगर जिल्हा पतसंस्थांचा, साखर कारखान्यांचा आणि शिक्षणसंस्थांचा. त्यांचा मजकूर वर्षानुवर्षं डीटीपीवाल्याकडे श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फॉन्टमध्ये बसवलेला असतो. तो उचलून वेबपानावर चिकटवला की रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा होतो, कारण त्या फाइलीत मराठी अक्षरं नसतातच, मराठी दिसणारी चित्रं रोमन जागांवर बसवलेली असतात. तो मजकूर युनिकोडमध्ये आणायचा, मग रूपांतरात बिघडलेली जोडाक्षरं एकेक तपासायची, हे किचकट काम पुण्या-बंगळुरूच्या चकचकीत स्टुडिओला जमतंच असं नाही. कंटाळा आला की लोक त्या कागदाचा फोटो काढून किंवा स्कॅन करून पीडीएफ चढवतात. ठेवीचे व्याजदर असे फोटोत गेले की ते गुगलला सहजी सापडत नाहीत, मोबाइलवर बोटांनी ताणून वाचावे लागतात आणि अंध ठेवीदाराला तर सहसा मिळतच नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क घटनेच्या २१ व्या कलमात, म्हणजे जगण्याच्या हक्कात धरला. त्यामुळे हा आता नुसत्या सोयीचा प्रश्न नाही.

रंगाचंही असंच. अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान साडेचारास एक एवढं प्रमाण असावं, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. आपल्याकडच्या लाडक्या केशरी पट्टीवर पांढरी अक्षरं ठेवली की हे प्रमाण जेमतेम दोनाच्या आसपास येतं. फ्लेक्सवर ते चालतं, कारण तिथे अक्षर हातभर असतं. मोबाइलवर, भर उन्हात, बाजार समितीच्या आवारात उभ्या शेतकऱ्याला पानावरचा बाजारभाव दिसत नाही. केशरीवर गडद अक्षरं घेतली की काम होतं, रंगही सोडावा लागत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: पैसा इंग्रजी कामात आहे, मराठीत नाही. पैशाबद्दल हे बरंचसं खरं आहे, आणि या विषयाची बहुतेक कागदपत्रं इंग्रजीत असल्यामुळे इंग्रजी वाचता येण्याला पर्याय नाही. पण सीएसएसला भाषा नसते. उकार-रफार सांभाळून ओळींचं अंतर ठरवायला शिकलेल्याला इंग्रजी पान अवघड जात नाही. उलटा प्रवास मात्र अडतो. दुसरा आक्षेप नवा आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता मिनिटभरात पान करून देते, तर शिकायचं कशाला? साध्या जाहिरातवजा पानाचं काम यापुढे हातचं जाणार, हे मान्यच करावं. पण यंत्राने दिलेलं पान इंग्रजी पानांच्या वळणावर घडलेलं असतं. त्यात शिरोरेषा तुटली आहे, भाषेची खूण चुकली आहे, फोन नंबर पाचव्या पडद्यावर गेला आहे, हे ओळखायला तीच समज लागते. ती नसेल तर माणूस यंत्राचा माल पुढे ढकलणारा दलाल उरतो, आणि दलाली स्वस्त होत जाते.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार वाटतो: इथे संकेतस्थळ हवंय कोणाला? कापड बाजारातल्या दुकानदाराचं व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम आणि गुगलच्या नकाशावर भागतं. दुकानाच्या बाबतीत हे मला पटतं, उगाच त्याच्या गळ्यात संकेतस्थळ बांधू नये. ज्या संस्थांना जाहीरपणे, कायमस्वरूपी आणि खात्रीने काही सांगायचं असतं, त्यांचं मात्र तसं भागत नाही. २०२५ मध्ये शनिशिंगणापूरच्या नावावर बनावट अ‍ॅप चालवून भाविकांकडून पूजेचे पैसे उकळल्याचं प्रकरण पोलिसांत आणि विधानसभेत गेलं. खोटं ओळखायला आधी खरं पान कुठलं ते एका नजरेत कळावं लागतं, आणि ती स्पष्टता हाही डिझाइनचाच भाग आहे. एवढ्याने फसवणूक थांबत नाही, पण फसवणाऱ्याचं काम अवघड नक्की होतं.

राहिला नोकरीचा प्रश्न. संगमनेर, लोणी, कोपरगावची अभियांत्रिकी महाविद्यालयं प्रोग्रॅमिंग शिकवतात आणि आयटीआयच्या ‘कोपा’ या एका वर्षाच्या ट्रेडमध्ये एचटीएमएलची तोंडओळख होते. डिझाइन दोन्हींच्या मधल्या फटीत पडतं. पदवीची चाळणी मोठ्या कंपन्यांत आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. लहान स्टुडिओ आणि सुट्या कामांत मात्र आधी केलेलं काम विचारतात. त्यासाठी तीन पानं पुरेशी आहेत: काजव्यांचं, एखाद्या पतसंस्थेच्या व्याजदरांचं आणि ज्ञानेश्वरीचं. नेवाशात सिद्ध झालेल्या या ग्रंथाचे १८ अध्याय आणि नऊ हजारांवर ओव्या आहेत. हवी ती ओवी वाचकाला दोन-तीन टिचक्यांत कशी सापडावी, ओवीचे चरण अरुंद पडद्यावर कुठे मोडावेत, क्रमांक कुठे बसावा आणि अर्थ कसा उघडावा, हे सोडवताना मांडणी आणि दिशादर्शन यांचा कस लागतो. मजकूर आयता आहे, आणि गिटहबवर पान ठेवायला पैसे पडत नाहीत. मुलाखत घेणाऱ्याला मराठी येत नसेल तर? तो पान मोबाइलवर उघडून किती सेकंदांत उतरलं ते पाहील, फोन आडवा करून काही फाटतंय का ते बघेल, अक्षरं दुप्पट मोठी करून ओळी एकमेकींवर चढतात का ते तपासेल आणि आतली मांडणी उघडून मथळ्यांचा क्रम वाचेल. यातल्या एकाही गोष्टीला ओवीचा अर्थ कळावा लागत नाही.