पगारासाठीचे कर्ज आणि श्रीमंत शाळा

करोनाच्या साथीने 2020 मध्ये अमेरिकेचे अर्थव्यवहार ठप्प झाले, तेव्हा 27 मार्चच्या ‘केअर्स’ कायद्यातून ‘पेचेक प्रोटेक्शन प्रोग्राम’, म्हणजे पगार टिकवण्यासाठी कर्ज देणारी योजना, सुरू झाली आणि साधारणपणे पाचशेपर्यंत कर्मचारी असलेल्या विनानफा खासगी शाळा, धार्मिक शाळांसह, तिला पात्र ठरल्या. बँकेने द्यावे आणि सरकारने हमी घ्यावी असे हे कर्ज सरासरी मासिक पगारखर्चाच्या अडीच पट, पण कमाल 1 कोटी डॉलर मिळे. व्याज 1 टक्का होते, आणि ठरलेल्या मुदतीत रकमेचा मोठा हिस्सा, आधी 75 व जूनपासून 60 टक्के, पगारावर खर्च झाल्यास ते माफ होई, म्हणजे व्यवहारात ते अनुदानच होते. केवळ फीवर चालणाऱ्या लहान शाळांसाठी हा आधार मोलाचाच होता. परंतु गडगंज राखीव निधी, म्हणजे ज्याच्या उत्पन्नावर संस्था चालते असे भांडवल, बाळगणाऱ्या शाळांनीही तो घेतला. अर्थमंत्री स्टीव्हन म्नुचिन यांनी अशा शाळांनी पैसे परत करावेत असे मे महिन्यात जाहीरपणे सांगितले, तरी वॉशिंग्टनच्या सिडवेल फ्रेंड्स शाळेने सुमारे 52 लाख डॉलर ठेवून घेतले. गरजेची ग्वाही अर्जदारावरच सोपवून संचित संपत्तीची मर्यादा न घालणे, हा या योजनेचा मूळ दोष होता.