मुठीत मावणारा मोबाईल

गेली दोन वर्षे आम्ही एक लहान मोबाईल वापरीत आहोत. लहान म्हणजे स्वस्त नव्हे. धाकट्या भावाने नवा घेतला तेव्हा आपला जुना आम्हाला दिला. पडदा सहा इंचांच्या आतला, परंतु आतले यंत्र त्या वर्षीच्या सर्वांत महागड्या मोबाईलांचे. रविवारी मिस्सा आटोपून बाहेर आलो की कोणी ना कोणी तो हातात घेऊन बघतो आणि विचारतो, "फादर, असाच घेऊ का?" त्याचे उत्तर एकदाच सविस्तर द्यावे म्हणून हा लेख.

प्रथम त्याचे गुण. शेतकऱ्याचा एक हात नेहमी गुंतलेला असतो. म्हशीचे दावे, मोटारीची कळ, नाहीतर मोटारसायकलची मूठ. उरलेल्या एका हाताने हा मोबाईल उघडता येतो, बोलता येते आणि परत खिशात टाकता येतो. भात लावायला वाकले तरी तो सदऱ्याच्या खिशातून डोकावत नाही. आमच्या झग्याच्या खिशात तर तो आहे की नाही हेच कळत नाही.

आरोग्याच्या दृष्टीनेही यात अर्थ आहे. सॅमसंगने २०२३ साली काढलेला गॅलॅक्सी एस २३ हा १६८ ग्रॅमचा, तर त्याच घराण्यातील अल्ट्रा सव्वादोनशे ग्रॅमहून जड. असा रुंद मोबाईल एका हातात धरून आंगठा पार पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत ताणला, की आंगठ्याच्या मुळाशी असलेल्या शिरांवर ताण येतो. विळा चालवणाऱ्या आणि धार काढणाऱ्या हातांना हे दुखणे आधीच ठाऊक आहे. आंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे हळूच वाकवावे. आंगठ्याच्या बाजूला मनगटात कळ आली तर डॉक्टरांना दाखवावे, तेल चोळीत बसू नये.

आता दोष. लहान अंगात बॅटरी लहानच बसते. वर सांगितलेल्या दोन मोबाईलांपैकी धाकट्याची ३,९०० एमएएच, थोरल्याची ५,०००. त्यात आमचा वापरलेला, म्हणजे बॅटरी अगोदरच थकलेली. दुसरे म्हणजे उष्णता. बहुतेक कंपन्या मोबाईल शून्य ते ३५ अंशांच्या हवेत वापरावा असे लिहितात. ग्वाल्हेरला मे-जूनमध्ये पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा हे ३५ अंश आमच्याकडे पहाटेच काय ते मिळायचे!

गेल्या जूनमध्ये डबऱ्याहून भर दुपारी मोटारसायकलने परतत होतो. मोबाईल वरच्या खिशात, उन्हात. तो तापला आणि आपोआप बंद पडला. आम्ही घरी येऊन तसाच टेबलावर ठेवला व जेवून आडवे झालो. संध्याकाळी चालू केला तेव्हा भितरवारकडच्या एका घरातून सात वेळा फोन येऊन गेलेला. त्यांची आजी अत्यवस्थ होती. पोहोचलो तेव्हा आजी होती, रुग्णाभ्यंग झाले, परंतु तिची वाचा गेलेली होती. तिला पापनिवेदन करायचे होते असे सुनेने सांगितले. यावर त्या घरातील कोणी आम्हाला एक शब्द बोलले नाही.

तेव्हापासून काही गोष्टी पाळतो. दुपारी मोबाईल पिशवीत, कापडात गुंडाळून. तापलाच तर सावलीत ठेवून वरचे कव्हर काढतो. फ्रीजमध्ये कधीही ठेवू नये, आत दव धरते. तापलेला असताना चार्जिंगला लावू नये. आम्ही पहाटे लावतो. मोटारसायकलच्या दांड्यावर पकडीत अडकवण्याची हल्ली फॅशन आहे. इंजिनाच्या कंपनाने कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा ॲपलनेच २०२१ मध्ये दिला होता. ट्रॅक्टरचे तर विचारूच नका. आणि पाण्यात टिकतो म्हणतात ती परीक्षा स्वच्छ पाण्यातली असते, चिखलातली वा औषध फवारणीतली नव्हे.

आपल्या बाबतीत बॅटरी ही चैनीची गोष्ट राहिलेली नाही. हमीभावाच्या खरेदीसाठी ई-उपार्जनाचे काम मोबाईलवर येणाऱ्या अंकांवाचून अडते. वीज पडण्याची सूचना देणारे पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' हे ॲप मोबाईल जिवंत असेल तरच उपयोगाचे. डोळ्यांचेही पाहावे. आम्हाला चाळिशी लागली आहे. अक्षर मोठे केले की खसऱ्याच्या नोंदीच्या दोन ओळी दिसतात, तिसरीसाठी बोट फिरवावे लागते.

शिवाय असे मोबाईल आता थोडेच निघतात. ॲपलने २०२० व २०२१ मध्ये 'मिनी' काढले, २०२२ मध्ये काढलाच नाही. लोकांनी मोठेच घेतले. म्हणून जुना लहान मोबाईल घेताना त्याची अस्सल बॅटरी मिळते का आणि सुरक्षेची सुधारणा अजून येते का, हे दोन प्रश्न आधी विचारावे. २०२५ मध्ये वनप्लस १३एस आणि विवो एक्स २०० एफई हे सव्वासहा इंचांहून किंचित मोठे मोबाईल आले. त्यांत ५,८५० व ६,५०० एमएएचची बॅटरी बसवली आहे, म्हणजे तो दोष बराच गेला. किंमत मात्र तेव्हा ५४,९९९ रुपयांपासून पुढे होती. त्या वर्षी गव्हाला आपल्या राज्यात बोनस धरून क्विंटलला २,६०० रुपये मिळाले. एकवीस क्विंटल गहू खिशात घालून बांधावर वाकायचे का, हे ज्याचे त्याने ठरवावे. आम्ही तरी कर्ज काढून घ्या असे कोणाला सांगणार नाही. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक तर बटणाच्या साध्या मोबाईलवरूनही लागतो.

मार्चमध्ये आम्ही आमच्या मोबाईलची बॅटरी बदलून घेतली. आणि बटणाचा एक साधा मोबाईलही घेतला आहे. तो उन्हाळाभर चालू असतो. त्याचा क्रमांक चर्चच्या दाराजवळच्या फळ्यावर खडूने लिहिला आहे. घरोघरी उतरवून घ्यावा.