दुसरी भाषा आणि साडेचार वर्षं

हैदराबादेतली एखादी आजी डोळ्यांसमोर आणा. घरात तेलुगू, रिक्षावाल्याशी दखनी, मालिकेपुरती हिंदी. शाळेचं तोंडही पाहिलेलं नाही. आता सांगा, तिच्या या बोलण्याचा आणि म्हातारपणी स्मृती शाबूत राहण्याचा काही संबंध असेल?

हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये मेंदुविकारतज्ज्ञ सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी डिमेन्शियाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. विसरायला कधीपासून लागलं? एकच भाषा बोलणाऱ्यांत सरासरी ६१.१ व्या वर्षी. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत ६५.६ व्या वर्षी. साडेचार वर्षांचा फरक! नातवंडांची नावं आठवणारी, हिशेब चोख ठेवणारी साडेचार वर्षं. एवढा काळ आजार थोपवणारं औषध आजही कुठल्या दुकानात मिळत नाही.

तुम्ही म्हणाल, दोन भाषा येणारे शिकलेलेच जास्त असणार, मग श्रेय शिक्षणाचं. संशोधकांनाही हीच शंका होती. त्यांनी निरक्षर रुग्ण वेगळे काढून पाहिले. तिथेही फरक होताच, उलट जवळजवळ सहा वर्षांचा! कॅनडात टोरांटोला २००७ मध्ये एलेन बियालिस्टॉक यांना चारेक वर्षांचा फरक दिसला होता. पण तिथले बरेच द्विभाषक बाहेरून येऊन स्थिरावलेले, कदाचित मुळातच काटक. हैदराबादची माणसं मात्र तिथलीच, परंपरेनं दोन भाषांत वाढलेली. म्हणून २०१३ चा हा अभ्यास मला इतका मोलाचा वाटतो.

डोक्यात घडतं तरी काय? आजी पाणी मागते तेव्हा ‘नीळ्ळु’ आणि ‘पानी’ दोन्ही शब्द एकदमच जागे होतात. समोर कोण आहे ते पाहून एकाला पुढे करायचं, दुसऱ्याला मागे रेटायचं. हे काम मेंदूच्या पुढच्या भागातलं नियंत्रणाचं जाळं करतं, दिवसभर, आयुष्यभर, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही! घाट बंद पडला तरी आडवाटेनं गाव गाठणाऱ्या जुन्या ड्रायव्हरसारखा असा मेंदू आजारातही वाट काढत असावा.

याचा एक विलक्षण दुवा टोरांटोतच मिळाला. २०१२ मध्ये अल्झायमरच्या रुग्णांचे सीटी स्कॅन ताडून पाहिले. लक्षणं सारखी, शिक्षण सारखं. तरी अल्झायमर जिथे घाव घालतो ते भाग द्विभाषकांत जास्त झिजलेले! म्हणजे आत पडझड अधिक झालेली, आणि माणूस तरीही तेवढाच सावरून वागत होता.

सगळ्याच शहरांतल्या अभ्यासांत असा फरक दिसलेला नाही, आणि दुसऱ्या भाषेनं आजार टळतो असा या संशोधकांचा दावाही नाही. पण सोलापुरात तेलुगू, कन्नड, मराठी सहज बोलणाऱ्यांचं काय, त्यांना दुप्पट लाभ? हैदराबादच्या आकड्यांत तिसऱ्या-चौथ्या भाषेनं आणखी वर्षं वाढलेली दिसली नाहीत. जो फरक पडला, तो दुसऱ्या भाषेनंच.